काळे आईबाप, भुरं लेकरू : केसांच्या रंगाचा वारसा



वाघोलीत व्याख्यानाला वेळेवर पोचणं ही या वयात आम्ही मिळवलेली सिद्धी समजायला हरकत नाही. नगर रस्त्यावर तासभर उभे होतो. पण हॉल भरलेला दिसतोय, तेव्हा शीण गेला.

विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं जनुकांशी काय काम? रास्त शंका आहे. आम्ही आयुष्यभर सांख्य आणि न्याय शिकवला, प्रयोगशाळेत कधी पाय ठेवला नाही. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला आणि आम्हाला या विषयात शिरावं लागलं. नाव-गाव सांगत नाही. त्याच्या मुलाला मुलगा झाला होता. घरात सगळे काळ्या केसांचे, सुनेच्या माहेरी पण काळेच. आणि बाळाचं जावळ चक्क तांबूस. बारशाला आलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग कोणीतरी हसत हसत म्हणालं, "हे कोणावर गेलंय?" तिथून सुरुवात झाली. महिनाभरात घरात डीएनए चाचणीचा शब्द निघाला. सून माहेरी निघून गेली. विद्यार्थी फोनवर विचारत होता, "सर, दोघांचे केस काळे असताना मूल तांबूस केसांचं होऊच शकत नाही ना?"

या "होऊच शकत नाही ना" मध्ये एका बाईचा संसार अडकला होता. त्या प्रश्नाचं उत्तर आज आपण नीट, पायरी-पायरीनं समजून घेऊ.

रंग येतो कुठून?

केस म्हणजे मुळात प्रथिनाचा धागा. त्याला स्वतःचा रंग नाही. केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात, त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार करतात आणि वाढत्या केसात भरत जातात. उतारवयात या पेशींचं काम थांबत जातं आणि केस पांढरे निघू लागतात. आमच्याकडे बघा, म्हणजे वेगळं उदाहरण नको.

मेलॅनिन दोन प्रकारचं. एक काळं-तपकिरी, त्याला युमेलॅनिन म्हणतात. दुसरं लालसर-पिवळं, ते फिओमेलॅनिन. जगातल्या सगळ्या माणसांच्या केसांचा रंग या दोनच डब्यांतून निघतो. पहिलं भरपूर असलं की केस काळे. पहिलं कमी झालं की तपकिरी, आणखी कमी झालं की सोनेरी. दुसऱ्याचा वाटा वाढला की तांबडे. आपल्याकडे बहुतेक सगळ्यांचा पहिला डबा काठोकाठ भरलेला असतो.

आता या डब्यांवर हुकूम कोणाचा? जनुकांचा. सोळाव्या गुणसूत्रावर एमसी-वन-आर नावाचं एक जनुक आहे. रंगपेशीच्या पृष्ठभागावर एक प्रकारची घंटा बसवायचं काम ते करतं. शरीराकडून निरोप आला, घंटा वाजली, की पेशी काळं रंगद्रव्य बनवायला लागते. घंटाच बिघडली तर पेशी लालसर द्रव्यच बनवत राहते. युरोपातल्या लाल केसांच्या माणसांमध्ये या जनुकाचं बदललेलं रूप आढळतं, हे 1995 साली समोर आलं.

अप्रभावी म्हणजे दुबळं नव्हे

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडलांकडून. समजा एक प्रत चांगली आहे आणि एक बिघडलेली. तर काय होईल?

तुमच्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. पाण्याच्या टाकीला दोन मोटारी आहेत. एक जळाली. तरी दुसरी चालू आहे तोवर टाकी भरते, नळाला पाणी येतं, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही की एक मोटार बंद आहे. दोन्ही बंद पडल्या की मग टँकर बोलवायची वेळ येते, आणि वाघोलीत ती वेळ कशी असते ते आम्ही तुम्हाला सांगायला नको.

प्रभावी आणि अप्रभावी यांचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो. चालू मोटार म्हणजे प्रभावी प्रत. बंद मोटार म्हणजे अप्रभावी. ती लढाईत हरलेली नसते. तिचं काम दुसरीनं भागवलेलं असतं, म्हणून ती दिसत नाही. पण ती घरातून गेलेली नाही. ती पुढच्या पिढीला जशीच्या तशी दिली जाऊ शकते.

शब्दांनी इथे फार घोळ घातला आहे. प्रभावी म्हटलं की आपल्याला वाटतं, ते जास्त लोकांत आढळणार, ते श्रेष्ठ असणार. दोन्ही खोटं. ओ रक्तगट अप्रभावी आहे, पण या हॉलमध्ये हात वर करायला सांगितले तर ओ गटाचे भरपूर निघतील. उलट हाताला सहावं बोट असणं पुष्कळदा प्रभावी जनुकामुळे येतं, पण तशी माणसं किती भेटतात? प्रभावी हा शब्द एका माणसाच्या अंगातल्या दोन प्रतींचं नातं सांगतो. समाजातली संख्या किंवा गुणवत्ता तो सांगत नाही.

हिशोब मांडून बघू

काळ्या केसांच्या प्रतीला 'का' म्हणू आणि भुऱ्या केसांच्या प्रतीला 'भु'. आईकडे का-भु, वडलांकडेही का-भु. दोघांचे केस काळे, कारण एकेक 'का' पुरेसा आहे. मुलाला आईकडून एक प्रत मिळणार आणि वडलांकडून एक. चार शक्यता होतात. का-का, का-भु, भु-का आणि भु-भु. पहिल्या तिघांत केस काळे. चौथ्यात भुरे. म्हणजे चारात एक.

लक्षात घ्या, पहिली तीन मुलं काळ्या केसांची झाली म्हणून चौथं भुरं असणारच, असं नाही. लुडोच्या फाशाला मागचं दान आठवत नाही. प्रत्येक बाळंतपणाला शक्यता नव्यानं चारात एक. पहिलंच मूल भुरं निघू शकतं, सहा मुलांत एकही निघणार नाही असंही होऊ शकतं. आणि अशी प्रत पाच-सहा पिढ्या कोणाला न दिसता वाहत येऊ शकते, कारण ती दिसायला दोन वाहक एकत्र यावे लागतात.

हा हिशोब मेंडेल नावाच्या एका पाद्र्यानं मठाच्या बागेत वाटाण्यावर मांडला. शिक्षक होण्याच्या परीक्षेत हा माणूस नापास झाला होता, हे इथल्या विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी सांगतो. त्यानं गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा एकत्र केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती संपली असं कोणीही म्हणालं असतं. त्यानं ते दाणे पुन्हा पेरले. पुढच्या पिढीत 5474 गोल निघाले आणि 1850 सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. 1865 मध्ये त्यानं हे वाचून दाखवलं, 1866 मध्ये छापलं, आणि 1900 सालापर्यंत जगानं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

आम्ही हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा आम्हाला सांख्यांचा सत्कार्यवाद आठवला. कार्य कारणात आधीपासून अव्यक्त रूपात असतं, तिळात तेल असतं तसं. नाही ते नव्यानं उपजत नाही, आहे ते व्यक्त होतं. पण ही उपमा फार ताणू नका. जनुकात तयार केस गुंडाळून ठेवलेला नसतो, केस घडवायच्या सूचना असतात. तरी एवढं खरं की "दिसत नाही म्हणून नाही" हे अनुमान चुकीचं आहे. न्यायशास्त्रातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा ही चूक पकडतो. बारशाला जमलेल्या मंडळींनी मात्र तीच केली.

बीज आणि क्षेत्र

मेंडेलच्या हिशोबात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आमचं लक्ष उशिरा गेलं. त्यात आई आणि बाप यांचा वाटा समान आहे.

हे आज सोपं वाटतं. पण मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र म्हटलं आहे आणि पुरुषाला बीज, आणि दोघांत बीज श्रेष्ठ ठरवलं आहे. ॲरिस्टॉटलही फार वेगळं सांगत नव्हता. रूप बाप देतो, आई द्रव्य पुरवते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे अथेन्स असो की आर्यावर्त, शेत बाईचं आणि पीक पुरुषाचं. आणि गंमत बघा, पीक मनासारखं आलं तर बीजाचं श्रेय, वेगळं आलं तर संशय शेतावर. भुरं मूल झालं तेव्हा आमच्या विद्यार्थ्याच्या घरी कोणी मुलाच्या बापाला विचारलं नाही की "तुझ्याकडे लपलेली प्रत आहे का?" हिशोब मात्र स्पष्ट सांगतो, भु-भु व्हायला एक 'भु' बापाकडूनच यावा लागतो.

नगर रस्त्यावरचा एक पत्ता

आता इथून पुण्याकडे निघालात की येरवड्याला डेक्कन कॉलेज लागतं. तिथे इरावती कर्वे यांनी अनेक वर्षं काम केलं. 'युगान्त'मुळे त्या घरोघरी माहीत आहेत. पण त्या मुळात मानववंशशास्त्रज्ञ, आणि त्यांची डॉक्टरेट बर्लिनची. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर.

हे फिशर महाशय केसांच्या रंगाचे तज्ज्ञ. त्यांनी केसांचे रंग मोजायची एक डबी तयार केली होती. तीस रंगांच्या बटा एका ओळीत, फिक्यापासून काळ्यापर्यंत. ती माणसाच्या डोक्याला लावायची आणि क्रमांक लिहायचा. 1908 साली ते आफ्रिकेत, आजच्या नामिबियात गेले. तिथल्या मिश्र वंशाच्या कुटुंबांची मोजमापं घेतली आणि 1913 साली पुस्तक लिहून सांगितलं की माणसातही मेंडेलचे नियम चालतात. इथवर विज्ञान म्हणू. पण त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला की मिश्र संतती हीन असते. हे मोजमापात कुठेच नव्हतं. ते मोजणाऱ्याच्या डोक्यात होतं. पुढे 1937 मध्ये जर्मनीत आफ्रिकी सैनिक आणि जर्मन स्त्रियांच्या शेकडो मुलांची सक्तीनं नसबंदी झाली. कोणाची करायची हे ठरवण्याच्या कामात फिशरांचा हात होता.

अशा माणसाच्या हाताखाली आपली एक मराठी मुलगी 1920 च्या दशकाच्या शेवटी शिकत होती. तिला काम दिलं होतं कवट्या मोजायचं. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण इतरांपेक्षा वेगळी, अधिक असमान असते, आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी आहे, अशी गुरूंची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. परदेशात, परभाषेत, गुरूच्या संस्थेत बसून गुरूची धारणा खोडणं किती अवघड असेल, ते पीएच.डी. केलेल्यांना विचारा.

पुढे 1968 मध्ये त्यांनी कैलास मल्होत्रा यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच दर्जाच्या, एकाच नावाखाली मोडणाऱ्या या गटांतही आपसांत बराच फरक निघाला. म्हणजे जातीच्या मोठ्या नावावरून रक्ताबद्दल काही ठरवायला जाल तर फसाल.

आपल्याकडे कोकणस्थांच्या घाऱ्या डोळ्यांवरून गोष्टी रचायची जुनी हौस आहे. कोणी जहाज फुटून आलेल्या परदेशी लोकांची गोष्ट सांगतो, कोणी आणखी काही. घारे डोळे दिसले की पूर्वज गोरा असलाच पाहिजे, हे आपण गृहीत धरतो. याला एक छान उत्तर पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवरून आलं. तिथली माणसं गडद काळ्या वर्णाची, पण काही जणांचे केस जन्मतः सोनेरी. लोक म्हणत, युरोपातल्या खलाशांची ही कृपा. 2012 साली तपासणी झाली. सोनेरी केसांमागे एका जनुकातलं एकच अक्षर बदललेलं होतं, तो बदल अप्रभावी होता, आणि तो युरोपातला नव्हता. खलाशी बिचारे निर्दोष सुटले. त्यांच्यासोबत बेटावरच्या किती पणज्या निर्दोष सुटल्या, याचाही विचार करा.

चारात एक, पण नेहमी नाही

आता आम्ही आमचाच हिशोब थोडा मोडणार आहोत. का आणि भु ही शिकवायची सोय आहे. खऱ्या केसांचं प्रकरण इतकं सरळ नाही. 2018 साली युरोपीय वंशाच्या जवळपास तीन लाख माणसांची तपासणी प्रसिद्ध झाली. केसांच्या रंगावर परिणाम करणारी सव्वाशेच्या आसपास जनुकं त्यात निघाली. एमसी-वन-आरच्या दोन्ही प्रती बदललेल्या असूनही केस लाल नसलेली माणसं आहेत. म्हणून रंग एका बटणानं चालू-बंद होत नाही. अनेक जण मिळून दिंडीत टाळ वाजवतात तसं ते आहे. एक-दोन टाळकरी मोठ्यानं वाजवतात, त्यांचा आवाज ओळखू येतो, बाकीचे मिसळून जातात.

ज्या ठिकाणी एकाच जनुकाचा हिशोब खरोखर चालतो, त्यातली दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं अल्बिनिझमचं. मेलॅनिन बनवणारं मुख्य यंत्रच दोन्ही प्रतींत बिघडलेलं असलं तर केस पांढरे-पिवळसर, त्वचा फिकी आणि डोळे फिके होतात. आईबाप दोघंही काळ्या केसांचे आणि ठणठणीत असतात. लोक याला कोड समजतात. ते कोड नाही, आणि संसर्गाचा तर प्रश्नच नाही. अशा मुलांना ऊन बाधतं आणि नजर अधू असते. त्यांना टोपी, पूर्ण बाह्या, लवकर डोळ्यांची तपासणी आणि वर्गात पहिला बाक हवा. ग्रहणात आईनं काय चिरलं याची चौकशी नको. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. तिथे दोघांकडे आजोबा-आजीकडून आलेली तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, हेही माहीत असू द्या.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे आणला. त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. ए किंवा बी गट ज्या पायावर उभे राहतात तो पायाच या माणसांकडे नसतो, कारण एका अप्रभावी जनुकाच्या दोन प्रती आलेल्या असतात. साध्या तपासणीत त्यांचा गट ओ दिसतो. पण आत ए किंवा बीचं जनुक लपलेलं असू शकतं आणि ते मुलाला मिळतं. म्हणजे कागदावर आईबाप दोघंही ओ आणि मूल मात्र ए! शाळेच्या पुस्तकाप्रमाणे अशक्य, आणि प्रत्यक्षात घडू शकणारं. ओ गटाचं रक्तसुद्धा या माणसांना चालत नाही, तेव्हा त्यांनी आपला गट माहीत करून घेणं जिवाच्या मोलाचं आहे.

खाणीवरची मुलं

एक गोष्ट न सांगता उठलो तर अपराध होईल. वाघोली दगडखाणींचं गाव. आज इथे टॉवर उभे आहेत, 2021 पासून आपण महापालिकेत आहोत, पण खाणीवर आणि बांधकामावर राबणाऱ्यांच्या पालांपाशी भुऱ्या, कोरड्या केसांची लेकरं दिसतात. त्याचं कारण जनुकात शोधू नका. ऊन आणि धूळ आहेच. पण प्रथिनांची मोठी कमतरता असली तरी केस तांबूस, विरळ होतात. कधी कधी एकाच केसावर फिका आणि काळा असे पट्टे पडतात. पोटाला मिळालं तेव्हाचा भाग काळा, नाही मिळालं तेव्हाचा फिका. उपासाची नोंदवही डोक्यावर लिहिलेली असते. पायांना सूज आणि असे केस एकत्र दिसले तर मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं. वारशानं आलेला भुरा रंग बदलायची गरज नाही. उपासानं आलेला बदलता येतो, आणि बदललाच पाहिजे.

प्रश्नोत्तरांतून

*सर, बाळाचं जावळ तांबूस होतं, पुढे आपोआप काळं झालं. असं होतं का?*

होतं, आणि पुष्कळदा होतं. जन्मानंतर काळं रंगद्रव्य हळूहळू वाढतं. म्हणून जावळावरून काहीच ठरवू नये.

*दोघांचेही डोळे घारे असतील तर मूल काळ्या डोळ्यांचं होऊ शकतं का?*

होऊ शकतं. जुन्या पुस्तकांत अशक्य म्हटलं आहे, पण डोळ्यांच्या रंगातही अनेक जनुकं आहेत. डोळ्यांवरून बाप ठरवू नका.

*मग चाचणी करून टाकली तर काय बिघडतं? शंका तर मिटेल.*

ताई, आमच्या विद्यार्थ्यानंही हेच विचारलं होतं. आम्ही त्याला म्हणालो, चाचणी रक्ताचं नातं सांगेल, पण ती मागितल्यानं जे तुटेल ते चाचणीला जोडता येत नाही. आणि शंकेला आधार तरी हवा ना? केसांचा रंग हा आधार नाही, एवढंच आज दीड तास आम्ही सांगतोय. त्याला आम्ही हे सगळं, का-भुचं कोष्टक काढून, पत्रात लिहून पाठवलं. त्यानं ते घरात मोठ्यानं वाचलं. मग त्याच्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या आबांचे केस लहानपणी मक्याच्या कणसासारखे होते. आई सांगायची." हे त्यांना आधीपासून माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं.

सून परत आली. पण मुलाचं जावळ काढलं त्या दिवशी ती बाहेर आली नाही, आत बसून राहिली, असं तो म्हणाला. मुलाचे केस आता काळे आहेत.

उशीर झाला, थांबतो.